दांडा कोण धरणार?

उधन्याच्या बसथांब्यावर माझ्यामागे दोघे बोलत होते. बोली खानदेशची, लपत नव्हती. कान बंद करून घेण्याइतकी मी सभ्य नाही.

"लोटूभाऊ, पत्र्याच्या शेडात बांधताय त्या विमानाचं काय झालं?"

"चाकं अडलीत, कुंदन. पंप मारला की उजवं उतरतं, डावं अर्ध्यावरच थांबतं."

"सील बदललं?"

"बदललं. नळीतल्या तेलात हवा शिरलीय."

"मग काढा हवा."

"एकाने पंपाचा दांडा दाबून धरायचा, दुसऱ्याने चाकाजवळचा नट ढिला करायचा. मी एकटा."

"वहिनी धरायच्या ना?"

"धरायची. 'धरलं हो!' म्हणून गल्लीभर ओरडायची."

"मग बोलवा त्यांना."

"विमान उडालं की येईन, असं सांगून माहेरी गेलीय. सध्या दांड्याला वीट बांधतो."

"जमतं?"

"वीट ओरडत नाही ना. नट कधी सोडायचा तेच कळत नाही."

मी मागे वळले.

"काय रे लोटू, दांडा फार जड आहे का?"

"नाही, मावशी. का?"

"ओरडायला मला चांगलं येतं. घरी ऐकायला कोणी उरलं नाही."