रणगाड्यातली जागा

...आणि वर तोंड करून म्हणतो काय, तर "आपला माणूस म्हणून दिलं!" आपला माणूस! तुम्हाला सांगतो, हे दोन शब्द कानावर पडले ना, की आमचा हितेंद्र आजही आधी खिशावर हात ठेवतो. सापाला घाबरत नाही एवढा या दोन शब्दांना घाबरतो, आणि का घाबरू नये हो? परक्याने फसवलं तर दुकानाची पायरी उतरताना चार शिव्या तरी हासडता येतात! आपल्या माणसाला काय हासडणार? वरून त्याचा चहा पिऊन यावं लागतं!

थांबा, असं मधूनच नको. हितेंद्र म्हणजे आमच्या समोरच्या घरातला. मूळचा यावलकडचा, केळीवाल्यांचा पोरगा, आता जळगावात ठिबकच्या नळ्यांच्या एका एजन्सीत नोकरीला. दोन लेकरांचा बाप, कपाळ मागे सरकत चाललेलं, आणि छंद काय? तर कॉम्प्युटरवर रणगाडा चालवणं! हसू नका. ही साधी गोष्ट नाही. तो जोडीचा खेळ आहे, एकाने रणगाडा चालवायचा, दुसऱ्याने तोफ डागायची, आणि हितेंद्रची जोडी कोण, तर त्याची धाकटी बहीण मोनाली. ती चालवणार, हा डागणार. लहानपणापासून तेच. पोरगी शाळेत असताना शेतात ट्रॅक्टर चालवायची, हा मागे ट्रॉलीत उभा राहून "डावीकडे घे, डावीकडे घे!" ओरडायचा... ती कधी घ्यायची नाही, ते सोडा. मग ती लग्न होऊन धुळ्याला गेली. बहीण सासरी गेली की भाऊ काय करतो? राखीला, दिवाळीला जातो, साडी देतो, "बरं आहे ना?" विचारतो, ती "बरं आहे" म्हणते, झालं! पण या दोघांचं तसं नव्हतं. रविवारी दुपारी जेवणं झाली की हा जळगावात बसायचा, ती धुळ्यात बसायची, कानाला हेडफोन, आणि गोळे टाकता टाकता सगळं बोलून व्हायचं. "दादा, पुढे पूल आहे, आणि ऐक ना, सासूबाईंचं आणि माझं काल वाजलं." "थांब, आधी त्या टेकडीवाल्याला उडवू दे, मग सांग." असं! आईला जे कळायचं नाही ते रणगाड्यात कळायचं.

आता कॉम्प्युटर. कॉम्प्युटर कसला, पाव्हणा होता तो... जाईन जाईन म्हणतो आणि जात नाही! कॉलेजात असताना घेतलेला. उन्हाळ्यात एवढा तापायचा, एवढा तापायचा की हितेंद्रने त्याच्या डब्याचं एका बाजूचं झाकणच काढून टाकलं आणि कूलरचं तोंड तिकडे फिरवलं. जळगावचा मे महिना, घरातली माणसं घामाने निथळतायत आणि हवा कोणाला, तर डब्याला! त्याचे वडील, नाना, गुमान आपली खुर्ची उचलून कॉम्प्युटरशेजारी जाऊन बसायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "पोराचा खेळ पाहून राह्यलो." खेळ कसला पाहता नाना, हवा खाताय!

तरी चाललं होतं हो. पण त्या खेळवाल्यांनी काय केलं, खेळ नवीन केला! झाडाचं पान हललं पाहिजे, धूर खरा दिसला पाहिजे, चिखल उडाला पाहिजे... अरे कशाला? खान्देशात काय धूळ कमी आहे का? झालं, हितेंद्रच्या कॉम्प्युटरने मान टाकली. समोर रणगाडा दिसेपर्यंत हा मेलेला असायचा! मोनाली तिकडून ओरडते, "दादा, भिंतीवर काय गोळे मारतोय?" हा म्हणतो, "माझ्याकडे अजून भिंत आलीच नाहीये!"

मग त्याने बायकोसमोर विषय काढला. मयुरीवहिनी म्हणजे शांत बाई, कधी आवाज चढवणार नाही. तिने फक्त फ्रिजकडे पाहिलं. फ्रिजचं दार साडीच्या काठाने बांधलेलं होतं. हितेंद्रनेही फ्रिजकडे पाहिलं.  मग ती म्हणाली, "बहिणीशी बोलणं होतं तुमचं, म्हणून हो म्हणते. बोनसमधलं जे उरलंय तेवढंच. त्याच्या वर एक रुपया नाही." आता बोनसमधलं उरलेलं म्हणजे काय, तुम्हाला माहीत आहे. उरलेलंच ते!

आणि तेवढ्या पैशांत भागवायचं म्हणून हा गेला कोणाकडे? अभिमनकडे! अभिमन म्हणजे त्याचा शाळेतला बाकसोबती, आता स्टेशनकडे कॉम्प्युटरचं दुकान टाकून बसलेला. गेल्या गेल्या अभिमनने मिठी मारली, चहा सांगितला, पैसे ऐकले, डोळे मिटले, आणि म्हणाला, "भो, नवीन काही बसत नाही एवढ्यात. पण तू आपला माणूस आहे. एक ग्राफिक्स कार्ड आहे माझ्याकडे, वापरलेलं, पण कसं, एका डॉक्टरीणबाईंचं. पेशंट बघून थकल्या की अर्धा तास पत्ते खेळायच्या. घरगुती वापर! दुसऱ्या कोणाला दाखवलंसुद्धा नाही."

घरगुती वापर! जसं काही लोणचंच विकतोय!

बसवलं. आणि काय सांगू, पहिल्या दिवशी असं चाललं, असं चाललं, की पानं हलली, धूर निघाला, चिखल उडाला, नानासुद्धा "वा रे बाप्पा" म्हणाले. पुढच्या रविवारी मोनालीबरोबर खेळायला बसला, पुलापर्यंत गेला... आणि पडदा हिरवा! पुरता हिरवागार, केळीच्या बागेत उभं केल्यासारखा! मोनालीचा आवाज येतोय, "दादा डाग! दादा, डाग ना!" आणि दादा हिरवळीत!

गेला अभिमनकडे. अभिमन म्हणतो, "कार्डाला काही झालेलं नाही. वीज कमी पडते त्याला. पॉवर सप्लाय बदल. आपला माणूस म्हणून सांगतो." बदलला. तो जुन्या डब्यात मावेना. "मग कॅबिनेट बदल." बदललं. पुन्हा हिरवं! "आता मला कळलं," अभिमन म्हणतो, "बॉटलनेक! म्हणजे कसं भो, तू विहिरीवर मोटर बसवली मोठी आणि पाइप लावला पेरूच्या काडीएवढा. पाणी कसं येईल? मदरबोर्ड, प्रोसेसर, सगळा पाइपच बदलावा लागेल." आता शेतकऱ्याच्या पोराला मोटर-पाइपात समजावल्यावर तो काय नाही म्हणणार हो? बदलला पाइप! बोनसमधलं उरलेलं केव्हाच संपलं होतं. मग ऑफिसचा डबा बंद होऊन घरची भाकरी कागदात गुंडाळून जायला लागली, कारण डबाही फुटला होता आणि नवीन घेणं बजेटमध्ये बसत नव्हतं. फ्रिजच्या दाराला दुसरी साडी लागली. मयुरीवहिनी काही बोलत नव्हती. ते न बोलणं... लग्न झालेल्यांना सांगायला नको.

आणि दर शनिवारी मोनालीचा फोन, "दादा, झालं का?" हा म्हणायचा, "पुढच्या रविवारी नक्की." असे किती रविवार गेले. मग एका शनिवारी फोन आलाच नाही. पुढच्याही शनिवारी नाही. आणि आमचा शहाणा काय म्हणतो, "बरं झालं, समजून घेते बिचारी!" अहो, विचारणारं माणूस विचारायचं थांबलं की समजून घेतलेलं नसतं... सोय लावलेली असते! पण ते पुढे.

तर एक दिवस पाचोऱ्याहून त्याचा मावसभाऊ कौतिक आला. भरीत-पुरीचा बेत होता. कौतिक लग्नांचे व्हिडिओ करतो, त्यामुळे कॉम्प्युटर दिसला की त्याला राहवत नाही. पुरी हातात धरूनच वाकला डब्यात, आणि पुरी तशीच राहिली.

"हितेंद्र, हे कार्ड कोणाचं?"

"डॉक्टरीणबाईंचं."

"कुठली डॉक्टरीण? अरे, या पंख्याचं पातं तुटलं होतं, ते मी चिकटवलंय! हे बघ एमसील, हा माझा अंगठा उमटलाय त्यात! तीन लग्नसराया भाजून निघालंय हे. जळालं म्हणून मी अभिमनला भंगारात देऊन आलो. तूच तर म्हणाला होतास, त्याच्याकडे दे, आपला माणूस आहे!"

 कूलरपाशी बसलेले नाना हळूच म्हणाले, "डॉक्टरीण नव्हती का मग?"

हितेंद्रने ते कार्ड उपटलं, पिशवीत घातलं आणि मोटरसायकल काढली. वाटभर बोलायची तयारी करत गेला: 'अभिमन, तुझी माझी ओळख संपली. लाज वाटली पाहिजे तुला. एका बाकावर बसलो आपण.' पुलावर तर मोठ्याने बोलला, शेजारचा रिक्षावाला घाबरून बाजूला झाला. दुकानात शिरला, कार्ड टेबलावर आपटलं. "हे कौतिकचं जळकं कार्ड आहे!"

तुम्हाला वाटेल अभिमन चपापला असेल? छे! त्याने कार्ड उचललं, उलटंपालटं केलं, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "मग? अरे, आपला माणूस म्हणून तर तुला दिलं! परक्याला दिलं असतं तर त्याने भांडण नसतं का केलं?"

आता याच्यावर काय बोलणार? बोला ना!  अभिमन म्हणाला, "पण तू माझ्यावर आवाज चढवला, हे मनाला लागलं भो." आणि आमचा हा गाढव काय म्हणतो? "सॉरी"! सॉरी म्हणाला! चहा प्यायला! अभिमनने एक छोटंसं, नवं, खोक्यातलं कार्ड अंगावर उपकार टाकल्यासारखं दिलं, ते घेऊन घरी आला. आणि ते चाललं हो. पानं हलत नव्हती, धूर पुठ्ठ्यासारखा दिसायचा, पण चाललं! रविवारी दुपारी जेवण अर्धं टाकून हा बसला, हेडफोन लावला, खेळ उघडला, बहिणीचं नाव शोधलं... तर तिच्या जोडीला कोणीतरी दुसरंच! 'झुंबर शिंदखेडा'!

फोन केला. "मोने, हा झुंबर कोण?"

 "दादा... आई आहेत."

"कोणाची आई?"

"माझ्या सासूबाई रे."

झुंबरबाई! शिंदखेड्याकडची, नऊवारीतली बाई! ती तोफेवर! मागून आवाजही येत होता, "सूनबाई, गाडी डावाकडे ले, मी त्याले उडाई देस!" आणि तुम्हाला सांगतो, मोनालीने गाडी डावीकडे घेतली! भाऊ इतकी वर्षं ओरडतोय, कधी घेतली नाही!

"त्यांचं आणि तुझं तर वाजायचं ना?" हितेंद्र म्हणाला.  मोनाली हळू आवाजात सांगायला लागली. सासरे गेल्यापासून म्हातारी बोलायचीच बंद झाली होती. ताटावर बसायची, उठायची, भिंतीकडे तोंड करून पडायची. एका रविवारी, दादा नाहीच येणार म्हणून, मोनालीने सहज तिला खुर्चीत बसवलं, "आई, फक्त हे बटन दाबा." आईंनी दाबलं आणि पहिल्याच गोळ्यात आपल्याच बाजूचा रणगाडा उडवला! आणि हसल्या. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा. "मग मी त्यांना उठा कसं म्हणू, दादा? तूच सांग."

काय सांगणार? अभिमनवर निदान आवाज चढवता आला, इथे तर तेवढीही सोय नाही! म्हणाला, "खेळू दे, खेळू दे," आणि हेडफोन काढून पालथा ठेवला. मयुरीवहिनीने त्याचं अर्धं राहिलेलं ताट पुन्हा वाढून आणलं.

पण माणूस आहे हो शेवटी! राहवेना. महिनाभराने धुळ्याकडची एक बस चारधामला निघते असं कळलं, तर याने काय करावं? स्वतः जाऊन झुंबरबाईंना गळ घातली. "आक्का, जाऊन या. बद्रीनाथ बघा. माझ्याकडून, सूनबाईच्या माहेरचा आहेर समजा!" नवी रॅम घ्यायला जपून ठेवलेले पैसे भरून टाकले. म्हातारीने डोक्यावरून हात फिरवला, "देवमाणूस शे," म्हणाली. देवमाणूस! मयुरीवहिनीने फ्रिजला तिसरी साडी बांधली.

बस गेली. रविवार उजाडला. हितेंद्रने दाढी केली. खेळायला बसायचं तर दाढी! मोनालीला फोन लावला, "चल मोने, आक्का गेल्या ना? बसतो मी तोफेवर."

"अरे दादा... जाताना त्यांनी खुर्चीवर रुमाल टाकलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे म्हणाल्या, 'मनी जागा कोनलेच देऊ नको, मी ईसनी बठसू.' आल्या की त्याच बसणार!"

आता खुर्ची धुळ्यात, हितेंद्र जळगावात, रुमाल त्या खुर्चीवर, तोफेचा आणि त्याचा काय संबंध? असं तुम्ही म्हणाल, मीही म्हणालो.  पण हितेंद्रने कॉम्प्युटर बंद केला आणि कूलरचं तोंड नानांकडे फिरवलं. यावलच्या एसटीने येऊन-जाऊन शिकलेला माणूस तो... रुमाल टाकलेला दिसला की उभं राहायचं, एवढं त्याला न सांगता कळतं.