हान्गोलवालीचा रानहळीव

...आणि वर मलाच म्हणतात, "म्हातारा वेडा झाला!" अहो, वेडा? मी? ठेवा ते पत्ते खाली आणि ऐका. तुम्हाला सांगतो, काल हान्सिकच्या सणाला, थडगी साफसूफ करायला सगळी भावकी डोंगरावर जमलेली असताना जे झालं, त्यात माझी काडीइतकी चूक असेल तर कान कापून देईन! तण म्हणजे तण, दिसलं की उपटायचं, हे या गावाला शिकवलं कुणी? मीच ना? बावन्न वर्षं लसूण लावतोय, माझ्या वाफ्यात एक परकी काडी दिसली असेल तर बोला!

एक सोडून. तो रानहळीव! पिवळ्या फुलांचा, बांधावर माजणारा, इथे उपटला की तिथे उगवणारा... आणि आमची ही, माहेर हान्गोलचं म्हणून तुम्ही सगळे हान्गोलवाली म्हणायचात ती, त्याच्यापुढे आडवी उभी. "अहो, त्याला हात लावू नका हं!" "अगं, तण आहे ते!" "तण? मग काल वाडगं चाटून पुसून कोण खात होतं?" आता खायचो, खोटं कशाला बोलू! मार्चात कोवळी पानं खुडायची, त्यावर आंबट शिरका, तिखट, तिळाचं तेल, हातानंच कालवायची... कच्चीच! पहिला घास घेतला की झिणझिण्या नाकातून थेट मेंदूत, डोळ्यांतून पाणी, आणि ही समोर बसून खदाखदा हसणार, "तण झोंबलं वाटतं!" पण मी हार नाही मानली हां. खात गेलो आणि भांडत गेलो. तण म्हणजे तण!

मग गेल्या वर्षी ती आजारी पडली. शहरातल्या इस्पितळात तीन आठवडे. आणि मी इकडे काय केलं? विचारा ना! मला मोकळं रान मिळालं! वाफे खुरपले, बांधावर औषध मारलं, एक पान म्हणून ठेवलं नाही. म्हटलं, येऊ दे घरी, दाखवतोच हिला, शेत कसं असतं ते! वर तुम्हालाही बोलावून दाखवलं, "बघा, शिका जरा!" आणि तुम्हीही लाजेकाजेनं आपापले बांध साफ केलेत. केलेत ना? आता खाली काय बघता!

त्याच आठवड्यात इस्पितळात भेटायला गेलो, तर हिनं मला जवळ बोलावलं. "तोंडाला चव नाही हो... ती आपली कोशिंबीर आणाल?" अहो, अख्ख्या संसारात बाईनं माझ्याकडे कधी काही मागितलं नाही, आणि मागितलं ते हे! चार दिवस गाव पालथं घातलं. कुठे पान नाही! शेवटी गिरणीमागच्या गटाराच्या कडेला एक झाड सापडलं, तेही फुलावर आलेलं, पानं जून, कडूजहर. धुतलं, कालवलं. मला कालवता येतं का? मिठाचा हात सुटला. तिनं एक पान तोंडात घेतलं, हळूहळू चावलं, आणि म्हणाली, "छान झालंय."

छान! अहो, ती भांडली नाही माझ्याशी! एवढी खारट, कडू कोशिंबीर, आणि ती भांडली नाही... तेव्हाच कळलं, ही आता राहत नाही.

असो. तण म्हणजे तण.

तिला पुरल्यावर थडग्याच्या मातीच्या ढिगाची एक बाजू जरा बसली, म्हणून मी आपल्या शेतातली दोन टोपल्या माती नेऊन चढवली. माझी माती, औषध मारलेली, स्वच्छ माती! आणि काल जाऊन बघतो तर थडग्याच्या हिरवळीत, ऐन मधोमध, पिवळी फुलं! एकच झाड. पण तोरा काय!

आमचे मान्सिकदादा, भावकीतले थोरले, कमरेवर हात ठेवून नाकातून बोलले, "ग्योंगमान, बायकोच्या थडग्यावर तण? पूर्वज काय म्हणतील? उपट!" मी म्हटलं, "दादा, तण नाही ते." "मग काय आहे?" "कोशिंबीर आहे!" दादा विळा घेऊन वाकले, आणि तुम्हाला सांगतो, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे कापून शिवलेले, असा मी थडग्यावर आडवा! मिठीच मारली! आमची लेक सुन्रे दंड ओढतेय, "बाबा, उठा ना, लोक बघतायत! आई होती तेव्हा कधी तिचा हात धरला नाहीत, आणि आता..." रडलो हो मी. सगळ्यांसमोर रडलो. त्यात काय!

शेवटी दादांनाच पाझर फुटला. "थडग्यावर नको, रीतीला धरून नाही. पण शेजारी तुझी जागा राखलीय ना? तिथे लाव जा." मग मी बोटांनी उकरून मुळासकट काढलं, माझ्या जागेत लावलं, चूळ भरायचं पाणी होतं ते घातलं. आज सकाळी पुन्हा जाऊन आलो. धरलंय.

पण आता पंचाईत बघा! मला तिथे पुरायचं म्हणजे आधी ते उपटायला हवं. उपटायचं तर आधी त्याचं बी पडायला हवं, नाहीतर वर गेल्यावर ही मला दारात उभं करणार नाही. बी पडलं की पुढच्या वसंतात दहा उगवणार, त्या दहांचं बी पडेपर्यंत थांबा, मग शंभर... वर्षभर मी तिच्याकडे जायची घाई करतोय, आणि बाईनं माझी जागाच भाजीला देऊन टाकली! आता काय... जगतो झालं.