चौथ्या मजल्यावरचा भोपळा

व्हिएतनाममधल्या ह्युए शहरातल्या दवाखान्यात, व्यायामाच्या खोलीबाहेर, थाओ दुखरा खांदा धरून बसली होती. शेजारी दोन आजींच्या गप्पा रंगल्या होत्या.

“काय गं न्हान, गच्चीवरचा भोपळा धरला का?”

“कसला धरतोय! चौथ्या मजल्यावर मधमाशी फिरकते का? रोज सकाळी मीच नर फूल तोडून मादी फुलाला लावते.”

“या वयात सोयरिकी जुळवतेस होय!”

“हस तू. आज मी चिनी गुलाबाची माती उकरत होते. ह्यांना वेलापाशी खुर्चीत बसवलं होतं. ऊन चढलं, फूल मिटायला आलं, आणि माझे हात चिखलात. म्हटलं, अहो, तेवढं तुम्हीच लावा.”

“अगं, पण त्यांचा उजवा हात तर नववर्षापासून लुळा ना?”

“विसरलेच मी! जीभ चावली. वळून बघते तर फूल तोडलेलं.”

“डाव्या हातानं?”

“उजव्या! हात असा थरथरत होता की अर्धा पराग मांडीवर सांडला. तीनदा हुकलं. मी मदतीला गेले, तर खेकसले, ‘हो बाजूला!’”

“मग? लागलं का शेवटी?” थाओला राहवलं नाही.

न्हानआजी तिच्याकडे वळल्या.

“लागलं तर! चौथ्यांदा, अगदी बरोबर.”

“डॉक्टरांना सांगितलंस की नाही?” दुसऱ्या आजींनी विचारलं.

“मी कशाला सांगू? स्वतःच दाखवायला आत गेलेत. खिशात दुसरं फूल घेऊन.”