दोरीवरचे कपडे आणि माझी सही

शीला वहिनी, मृणाल, आणि इथे जमलेल्या सगळ्यांनो,

रविवारची दुपार मोडून तुम्ही पिस्कॅटवेच्या या हॉलमध्ये आलात. काही जण तर दोन-अडीच तास ड्राइव्ह करून आलात. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं. रडू येईल म्हणून नाही. रडून झालंय. खरं सांगायचं तर मी दमलेय. आणि मला जे सांगायचंय ते शोकसभेत सांगतात की नाही, मला ठाऊक नाही.

मी वैशाली. प्रदीप रामटेके, म्हणजे आपले रामटेके दादा, यांच्याबरोबर मी अकरा वर्षं काम केलं. आठ दिवसांपूर्वी, शनिवारी सकाळी, चहा पिता पिता ते गेले. हार्ट अटॅक. वहिनी किचनमधून बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

आमचं काम काय, हे इथल्या निम्म्या लोकांना अजून कळलेलं नाही. प्रत्येक पार्टीत एकच प्रश्न, 'म्हणजे तुम्ही अंडी मोजता का?' नाही हो. पेनसिल्व्हेनियात अंड्यांचे मोठमोठे फार्म आहेत. एकेका शेडमध्ये अख्ख्या गावात मावणार नाहीत एवढ्या कोंबड्या. त्यांच्या विष्ठेतून उग्र वासाचा अमोनिया वायू निघतो, कपड्यांतसुद्धा बसतो, डोळे चुरचुरतात, माश्या होतात, घाण ओढ्यात उतरते. ते कमी कसं करायचं हे फार्मवाल्यांना सांगायचं, आणि खरंच कमी झालं का, ते मोजून रिपोर्ट लिहायचा. अंडी घेणाऱ्या दुकानांना तो रिपोर्ट लागतो. त्यावर दोन सह्या असतात. एक दादांची, एक माझी.

रिपोर्टच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, एन्व्हायर्नमेंटल परफॉर्मन्स. मी एकदा विचारलं, 'दादा, याला मराठीत काय म्हणायचं?' मला वाटलं, पर्यावरणीय अमुक-तमुक असं काहीतरी सांगतील. ते म्हणाले, 'शेजारधर्म. अजून काय?'

आणि ते तसेच वागायचे. फार्मवर जायच्या आधी गाडी शेजारच्या घराकडे वळवायची. वारा ज्या घराकडे जातो, त्या घराकडे. तिकडे धर्मामुळे वीज न वापरणाऱ्या आमिश लोकांची शेतं आहेत. त्यांच्याकडे ड्रायर नाही. सोमवारी कपडे धुतात आणि अंगणातल्या लांबलचक दोरीवर वाळत घालतात. दादा ती दोरी बघायचे. कपडे बाहेर असले की खूश. सोमवार असून दोरी रिकामी दिसली की म्हणायचे, 'झालं. आता आपला मीटर काही का म्हणेना.' मी चिडवायचे, 'दादा, याला सायन्स म्हणत नाहीत.' ते म्हणायचे, 'मीटर आपण जातो त्या दिवशी चालतो. त्या बाईला रोज श्वास घ्यायचा असतो.'

आता मला जे सांगायचंय ते सांगते.

आमच्या कामाचा एक नियम आहे. फार्मला आठवडा कळवायचा, दिवस कळवायचा नाही. मी हा नियम मोडत आले. ओळखीच्या फार्मना मी दोन दिवस आधी गुपचूप फोन करायचे, 'सोमवारी येते हं.' कुणी लाच दिली नव्हती मला. पण कुणाच्या दारात न सांगता कसं जायचं? माझ्या आईनं मला असंच वाढवलंय. समोरचा माणूस कामात असेल, उगाच ओशाळेल. तुम्ही तरी जाल का कुणाकडे न कळवता?

गेल्या महिन्यात आम्ही अशाच एका फार्मवर गेलो. मी फोन केला होता. शेडमधली हवा स्वच्छ. मीटरवर आकडा इतका छान, की मी फोटो काढला. दादा शेजारी गेले होते. परत आल्यावर त्यांनी सांगितलं. तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी कपडे कोठारात, आत वाळत घातले होते. त्या दादांना म्हणाल्या, 'तुम्ही लोक येणार असलात की आदल्या दिवशी ते पट्टे दिवसभर चालतात. आम्हाला आवाज येतो. एरवी तो आवाज नसतो. म्हणून कपडे आतच घालायची सवय झालीय.' पट्टे म्हणजे कोंबड्यांच्या खालून विष्ठा बाहेर वाहून नेणारे पट्टे. ते नेमाने चालवले की निम्मा त्रास संपतो. इथे ते फक्त आमच्या स्वागताला चालत होते.

गाडीत दादांनी विचारलं, 'फोन काहून केला?' नागपूरचा माणूस, चिडला की भाषा तिकडची व्हायची. मी म्हटलं, 'बरं दिसत नाही ना, दादा.'  ते म्हणाले, 'पाहुणी होऊन जाऊ नको, बाई. पाहुण्याला कोणी खरं घर दाखवत नाही.'

त्यांनी त्या रिपोर्टवर सही केली नाही. आणि मग ते गेले.

मंगळवारी ऑफिसमधून फोन आला. रामटेके तर आता नाहीत, तुमच्या एका सहीवर काम होईल. वहिनी, मी सही केली. त्याच संध्याकाळी मी तुमच्याकडे पिठलं-भात घेऊन आले, आणि तुम्ही मला जवळ घेतलंत. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही जमलं.

शुक्रवारी मी ती सही मागे घेतली आणि पुन्हा मोजायला लागेल असं कळवलं. धाडस वगैरे काही नाही हो. ओल्या कपड्यांची बादली घेऊन कोठारात जाणारी ती बाई डोळ्यांपुढून जाईना. नोकरी राहील का, माहीत नाही. पण त्याहून वाईट वाटतं ते वेगळंच. माझ्या फोनमुळे खोटे आलेले आणखी किती आकडे दादांनी खरे मानले असतील? त्यांच्या किती सह्या मी खोट्या पाडल्या? मी त्यांची माफी मागितली नाही. वेळ आहे असं वाटत होतं.

मागच्या रांगेत निळ्या जॅकेटमध्ये बसलेत ते त्या फार्मचे मॅनेजर. वाईट माणूस नाही. दोन माणसांचं काम एकटा ओढतो. दादांसाठी इतक्या लांबून आले, दारात माझा हात धरून रडले. मग विचारलं, 'परत टेस्टिंगला कधी येताय?' मी म्हटलं, 'येत्या आठवड्यात.' ते म्हणाले, 'हो, पण कुठल्या दिवशी?' माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, 'चहा घ्या.'

मृणाल, तू त्यांच्या शेजारी बसून मघापासून त्यांना माझं बोलणं इंग्लिशमध्ये सांगत होतीस. मी तुझ्या बाबांबरोबरच्या त्या फार्मभेटीवर आले तेव्हा तू थांबलीस, तेही मी पाहिलं. थँक यू, बेटा. त्यांना जे सांगायचं ते मीच सांगेन, त्यांच्या शेडमध्ये उभी राहून.

आता कृपा करून सगळे उभे राहूया. दोन मिनिटं कुणीच काही बोलू नका. मीही बोलणार नाही, फक्त एवढं सांगून गप्प होते.

दादा, उद्या सकाळी मी जातेय. फोन केलेला नाही.

जय भीम.