रेश्माला बसवलं तो रविवार

लिहा ताई, माझं नाव हेमलता, पन सगळे हेमाच म्हनतात, आनि गाव घिवली, एकदम समुद्राच्या कडेला, किनाऱ्यावर उभं राहिलं की तारापूरचा विजेचा प्लँट दिसतो ना तुमाला, तिथलं. बाप बोटीवर जायचा, आई बोंबील सुकवायची आनि बोईसरच्या बाजारात नेऊन विकायची, आमी चार भावंडं, मी शेंडेफळ. आमचं मैदान म्हंजे ओहोटी. पानी मागं गेलं की वाळू अशी कडक होते, की बॉल टप्पा घेतो, त्याच्यावर आमी खेळायचो, आनि भरती आली की खेळ संपला, शिट्टी वाजवायला कोन लागत नाय. गोलाला खांब पायजेत म्हनून बोंबील वाळत घालायचे बांबू उपटून आनायचो, आनि मंग आई काठी घेऊन मागं, माझे बोंबील काय वाऱ्यावर लटकवू का म्हनून.

तर त्या किनाऱ्यावर संध्याकाळी एक मानूस चालायला यायचा, प्लँटात नोकरीला, कॉलनीत राहायचा, मूळचा कोल्हापूरकडचा. तिकडं फुटबॉलचं येड किती, तुमाला ठाऊक असंल. तो एक दिवस थांबला, मला म्हनाला, ए पोरी, डाव्या पायानं मार बघू. मी मारला, बॉल गेला सरळ पान्यात. तर हा मानूस बुटासकट पान्यात शिरला, बॉल घेऊन आला नि म्हनाला, उद्यापासून रोज यायचं. ते आमचे सर. त्यांनी मला शिकवलं, पालघरला कॉलेजात घातली, जिल्ह्याच्या संघात नेली. आई म्हनायची पोरगी हाफ चड्डी घालून धावते, लोक काय म्हनतील, आनि तीच सामन्याच्या दिवशी टोपली लवकर संपवून मैदानाच्या कडेला येऊन बसायची.

माझं खेळनं चोवीस वर्षांची होती तवर चाललं. राज्याच्या निवडीचा सामना होता, उजवा गुडघा आदल्या आठवड्यातच सुजलेला, सरांनी विचारलं, हेमा, खेळशील? मी बोलली, खेळीन. अर्ध्या तासात आत काहीतरी तुटलं, दोरी तुटते तसं, आनि संपलं. सर नंतर किती वर्षं म्हनायचे, मी तुला बसवायला पायजे होतं. मी त्यांना सांगायची, सर, तुमी बसवलं असतं ना, तर मी जन्मात तुमच्याशी बोलली नसती. हसायचे ते. मी पन हसायची. तेवा ती नुसती बोलायची गोष्ट होती.

मंग मी कोचचे कोर्स केले, एक एक करून, शाळांमधून शिकवलं, लग्नाचं राहिलंच, त्याचं एवढं काय नाय. आनि मंग बोईसरच्या एका कारखान्याच्या शेठनी मुलींचा संघ काढला, पगारी कोच म्हनून मला ठेवली. काय सांगू ताई तुमाला, चाळीस वर्षांची होती मी, पहिल्यांदा कोनीतरी फक्त फुटबॉलसाठी मला पगार देत होतं. अठरा मुली, बोईसरला दोन खोल्यांत राहायच्या, कोनी डहानूकडची, कोनी कारखान्यातल्या कामगारांच्या, कोनी आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या. सकाळी धावनं, मंग कॉलेज, संध्याकाळी मैदान. खोलीत एवढा आवाज, की शेजारचे भिंत ठोकायचे.

रेश्मा त्यांतली नंतर आलेली. सफाळ्यापासून आत गाव तिचं, भातशेतीवाली मानसं. मी खरं तर गेली होती तिच्या चुलतबहिनीसाठी, ती बरी धावते असं कोनी सांगितलं होतं. दिवाळीच्या आसपासचे दिवस, खळ्यावर काम चाललेलं, बैलगाडीतून भाऊ भाताचे भारे वर फेकतोय आनि ही उडवीवर, भाऱ्यांच्या ढिगावर, उभी राहून झेलतेय. एक भारा वाकडा गेला, पार बाजूला, तर ही आडवी झेपावली नि छातीशी धरला, आनि खाली बघून भावाला शिव्या दिल्या. मी चुलतबहिनीचं नाव विसरली. मी त्या माऊलीला, तिच्या आईला, बोलली, ही कोन?

तीन वर्षं होती माझ्याकडं. गोलकीपर अशी, की मागच्या मुली निर्धास्त. मैदानावर मला मॅडम म्हनायची, घरी आली की मावशी. रविवारी घिवलीला यायची, आईच्या हातचं बोंबलाचं कालवन खायची, आनि आई तिची वेनी घालायची, दोघी ओट्यावर बसून, आई माझी चुगली करायची तिच्याजवळ. मला मूलबाळ नाय, मी काय कधी म्हटलं नाय तिला लेक वगैरे, असलं बोलनं मला येत पन नाय. पन शनिवारी आईनं विचारलं, उद्या येते का ग ती, की मला बरं वाटायचं.

मंग तो हंगाम आला. शेठनी सुरुवातीलाच मला बोलावलं, चांगला मानूस, खोटं कशाला बोलू, कधी वाईट बोलला नाय. म्हनाला, मॅडम, चार साल हो गये, हम नीचे के ग्रुप में ही हैं, इस साल ऊपर गये तो ठीक, नहीं तो मैं टीम बंद करूँगा, और मेरे से नहीं होगा. मी मुलींना सांगितलं. लपवनार काय, त्यांच्याच डोक्यावरचं छप्पर. त्या दिवसापासून खोलीतला आवाज गेला. पहाटे मी पोचायच्या आधी पोरी मैदानावर. हरलो, जिंकलो, परत जिंकलो, आनि शेवटच्या सामन्याला अशी गोष्ट झाली, की बरोबरी जरी झाली तरी आमी वर जानार. नुसती बरोबरी.

त्याच्या आधीचा सामना गुरुवारी झाला होता. त्यात समोरच्या पोरीचा गुडघा रेश्माच्या कानशिलावर बसला. ती पडली, उठली, हात वर केला, ठीक हाय म्हनाली. पुरा सामना खेळली. मी शुक्रवारी विचारलं, शनिवारी विचारलं, ठीक हाय मॅडम, ठीक हाय.

रविवारी पालघरच्या मैदानावर बसमधून उतरलो, तर छाया माझ्याजवळ आली. छाया म्हंजे दुसरी गोलकीपर, अंगानं बारीक, उंचीला कमी, वडील कारखान्यात, जळगावकडची मानसं. ती रडायलाच लागली. म्हनाली, मॅडम, मी सांगितलं तर सगळ्या म्हनतील हिला स्वतःला खेळायचं होतं, पन रेश्मा काल दोनदा ओकली, आज सकाळी पन, उजेड नको म्हनते, आमाला शपथ घातलीय.

मी रेश्माला बाजूला घेतली. विचारलं, गुरुवारी आपन गोल किती केले? म्हनाली, दोन. आमी एक केला होता ताई. मी तिला बोलली, बूट काढ. मंग माझे दोन्ही हात धरले तिनं, म्हनाली, माझ्यासाठी नाय मॅडम, सगळ्यांसाठी, बरोबरीच करायचीय ना, नव्वद मिनिटं उभं राहायचंय नुसतं. मी बोलली, नाय. म्हनाली, तुमी खेळलात ना सुजलेल्या गुडघ्यावर, तुमीच सांगता सगळ्यांना, मंग मला का अडवता? मी बोलली, गुडघा दुसरा आनि डोकं दुसरं, बूट काढ. मैदानावर औषधाची पेटी घेऊन एक जन होता, तो म्हनाला, चालेल, गोळी देतो. शेठ कुंपनाच्या त्या बाजूनं विचारत होता, रेश्मा बाहर क्यों है. सगळे हो म्हनत होते, एकटी मी नाय म्हनत होती. आनि मला काय खात्री होती असं समजू नका.

छाया चांगली खेळली, हे लिहाच तुमी. तीन तरी गोल तिनं वाचवले. शेवटची पाच-सहा मिनिटं राहिली होती, शून्य शून्य, डाव्या बाजूनं एक बॉल आला, उंच, सावकाश आला, घाई नव्हती त्याला. छाया उडी मारून गेली, बोटं लागली तिची, आनि बॉल बोटांवरून आत. रेश्माच्या छातीवर आला असता तो. मला ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं. मी गोलाकडं बघायच्या ऐवजी मागं बाकाकडं बघितलं, तर ती तोंडावर टॉवेल टाकून बसलेली. खरं सांगू, त्या वेळी मला पन वाटलं, खेळवायला पायजे होतं. हे मी आजवर कोनाला बोलली नाय.

हरलो. मी मैदानावरून तिला सरळ दवाखान्यात नेली, मशीनीत घालून डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरीनबाई म्हनाल्या, आत काही नाय, मेंदूला हादरा बसलाय, महिनाभर आराम, पुन्हा मार लागला असता तर अवघड होतं, बरं केलं बसवलं. एवढं सगळं बोलल्या त्या. पन रेश्मानं ऐकलं फक्त पहिलं. आत काही नाय. बाहेर येताना मला म्हनाली, काही नव्हतं मॅडम. तेवढंच. ते शेवटचं बोलनं आमचं.

शेठनी शब्द पाळला. मुली एक एक करून बॅगा घेऊन गेल्या, कोनाचे वडील आले न्यायला, कोनाचा भाऊ. रेश्माचा भाऊ आला, ती माझ्या पाया पडली, सगळ्या पडल्या तशी, पन वर बघितलं नाय. गोलांची जाळी मला दिली, मी घरी आनली. आईनं हातात घेऊन बघितली, म्हनाली, कसलं जाळं हे, यात मासा राहायचा नाय. मी खूप हसली, आनि मंग मला काय झालं, मोरीत जाऊन तोंड धुवावं लागलं.

फोन केले मी तिला. उचलत नव्हती. आवनीच्या, भातलावनीच्या दिवसांत सफाळ्याला उतरून रिक्षानं गेली तिच्या गावी. आईनं चहा दिला, म्हनाली, शेतात हाय, बोलावते. मी ओटीवरून बघत होती, ती चिखलात वाकलेली, आईनं हाक मारली तेवा सरळ उभी राहिली, माझ्याकडं बघितलं, आनि परत वाकून रोप लावायला लागली. मी तासभर बसली. एक वाफा पुरा झाला, तिनं दुसरा धरला. तिच्या आईला वाईट वाटलं, म्हनाली, पोरीची जात, हट्टी हाय, मनावर घेऊ नका. मी विचारलं, डोकं दुखतं का हो तिचं? म्हनाली, नाय, दुखत नाय. मी बोलली, मंग झालं. आनि निघाली.

तिचं चुकलं असं मी म्हनत नाय. मी तिच्या जागी असती तर मी पन बोलली नसती, सरांना मीच सांगायची ना.

छाया फोन करते मला. ती सांगते, रेश्माला मुंबईच्या एका क्लबानं घेतलं, गोलातच उभी राहते, चांगलं नाव करतेय. छाया म्हनते, मॅडम, चला, बघायला जाऊ तिचा सामना. मी नाय म्हनते. मला बघून तिचं लक्ष गेलं नि बॉल सुटला तर.

आता मी एका शाळेत खेळ शिकवते, आनि ओहोटीच्या वेळेला गावातली नि कॉलनीतली पोरं घेते किनाऱ्यावर. बरं चाललंय, तक्रार नाय. पन पोरांना शिकवनं वेगळं, संघ वेगळा. संघ असला की शनिवारी बसून अकरा नावं लिहायची असतात, कोन बसनार, कोन खेळनार, जीव नुसता खालीवर. ते मला लई आठवतं, ताई. अजून कधी शनिवारी वही घेऊन बसते, अन् पहिलं नाव गोलकीपरचं लिहायचं असतं, ते लिहिते, आनि मंग पुढची दहा सुचत नाय. आई आता थकली, तिला सगळं आठवत नाय, ती आतून विचारते, उद्या येते का ग ती. मी सांगते, उद्या सामना हाय तिचा.

खोटं नाय ना ते. असतोच कुठंतरी. खेळू दे तिला, खूप वर्षं खेळू दे. माझ्यावरचा राग राहिला तरी चालंल, तिचं डोकं शाबूत राहू दे, बस.