वाळूची वाट

(कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातलं एक खोरं. प्रार्थनाघर बांधण्यासाठी राखलेला मोकळा प्लॉट. दुपारचा वारा. चर्चच्या मंडळीचे पास्टर टिलमन, त्यांचे मदतनीस डीकन होसिया आणि मंडळीतली ओलीथा.)

ओलीथा : जवळ या पास्टर, अजून जवळ. ह्या वाऱ्यात शब्द उडून जातात. डीकन, तुम्हीही या, गाडीत रुसून बसू नका. एक गोष्ट सांगते. ऐकून झाली की हवं तेवढं रागवा.

डीकन होसिया : गोष्ट ठाऊक आहे मला. पालीसाठी देवाचं घर विकायचं.

ओलीथा : पाल नाही हो, सरडा. आणि घर अजून बांधलंय कुठे?

डीकन होसिया : विटा आल्यात. त्या काय, रचून ठेवल्यात.

पास्टर टिलमन : होसिया, बोलू दे तिला. सांग बेटी, तुझी समिती काय म्हणते?

ओलीथा : खोऱ्यातल्या सगळ्या गावांची मिळून ती समिती, तिच्यात आपल्या गावची मी. खोऱ्यात कुणी घर बांधलं, की काही रक्कम आमच्या निधीत येते. त्यातून दुर्मिळ जिवांसाठी जमीन घ्यायची आणि कायमची मोकळी ठेवायची. त्या बदल्यात, बांधणाऱ्याला बाकीच्या जागेत थोडं 'घ्यायची' मुभा.

पास्टर टिलमन : काय घ्यायची?

ओलीथा : जीव. बुलडोझरखाली सरडा गेला तर कायदा 'मारला' म्हणत नाही. 'घेतला' म्हणतो.

डीकन होसिया : घेतला! बाजारातून कोबी घ्यावा तसा?

पास्टर टिलमन : घेणारा एकच आहे, ओलीथा. तो वर आहे. हा शब्द तुमच्या कायद्याला कुणी दिला?

ओलीथा : पहिल्या बैठकीत माझ्याही अंगावर काटा आला होता. पण मग आम्ही टेकड्या घेतल्या, खरोखरीच विकत घेतल्या. तो सरडा राहतो त्या वाळूच्या टेकड्या. कुंपण घातलं, पाटी लावली, केक कापला. वाटलं, झालं काम. आणि टेकड्या झिजायला लागल्या! खालचे दगड उघडे पडले. तो सरडा वाळूत पोहतो, पास्टर. सूर मारतो आणि दिसेनासा होतो. दगडात कसा सूर मारणार?

डीकन होसिया : वाळूच हवी ना? ट्रकनं टाका.

ओलीथा : आणि उडून गेली की? परत टाका? ती वाळू तिथली नव्हतीच, डीकन. तो डोंगर बघा. पावसाचा लोंढा घळीतून वाळू खाली आणून सोडतो, आणि हा वारा ती उचलून टेकड्यांवर नेतो. ह्याच प्लॉटवरून. आम्ही सरड्याचं घर घेतलं, पण त्या घरी जाणारी वाळूची वाट घ्यायची विसरलो. म्हणून आता समितीपुढे हा प्लॉट विकत घ्यायचा विषय आहे.

डीकन होसिया : इथे एक तरी सरडा आहे?

ओलीथा : एकही नाही. म्हणून तर समितीतले निम्मे ओरडतायत, जिथे प्राणीच नाही तिथे निधी कशाला घालवायचा.

डीकन होसिया : शहाणी माणसं.

ओलीथा : पास्टर, जरा वाका. हात घोट्यापाशी धरा. असा, उघडा.

पास्टर टिलमन : अगं... टोचतंय. वाहतंय गं हे! नदीसारखं वाहतंय!

ओलीथा : आता विटांच्या आडोशाला बघा.

डीकन होसिया : हे कधी झालं? परवा मी स्वतः झाडून गेलो होतो.

पास्टर टिलमन : गुडघाभर ढीग! एवढ्याशा विटांपाशी एवढी अडली. आणि माझी भिंत उभी राहिली तर... होसिया, डोंगर चाललाय. कण कण होऊन डोंगर चाललाय, आपल्या पायांवरून, आणि तिकडे एक बोटभर जीव त्याच्याकडे डोळे लावून बसलाय. जन्मभर मी ओरडून सांगतोय, तो सगळ्यांना पुरवतो, तो सगळ्यांना पुरवतो. पुरवताना कधी बघितला नव्हता रे!

डीकन होसिया : सुरावर चढू नका, पास्टर. तुम्ही गायला लागलात की मी फसतो.

पास्टर टिलमन : मी कुठे गातोय? वारा गातोय. मी नुसता हुंकार देतोय.

डीकन होसिया : आणि आपण? त्या बंद पडलेल्या लाँड्रीतच प्रार्थना करत मरायचं?

पास्टर टिलमन : ऐंशीचा झालो मी. दुसरी जागा मिळून तिथे छप्पर चढेपर्यंत असेन, नसेन. खोटं कशाला बोलू, ओलीथा, फार इच्छा होती. आपल्या छपराखाली एकदा, एकदाच, आवाज लावायचा.

ओलीथा : ठाऊक आहे मला. म्हणून आज सहीबिही काही मागत नाही. उद्या हा विषय निघाला की मला खोलीबाहेर बसावं लागेल, मी ह्याच मंडळीतली म्हणून. तुम्ही नाही म्हणालात तर तुमच्यावर कुणी जबरदस्ती करणार नाही.

डीकन होसिया : मग नाहीच म्हणा.

पास्टर टिलमन : होसिया, विटा उचलायला ट्रक कधी मिळेल?

डीकन होसिया : उचलायच्या कशाला?

पास्टर टिलमन : वाटेत आहेत.

डीकन होसिया : ...मेव्हण्याचा ट्रक आहे. उद्या आणतो. पण पालीसाठी नाही, सांगून ठेवतो. तुमच्यासाठी.

ओलीथा : सरडा.

पास्टर टिलमन : आणि वर्डेल? तुझ्या नवऱ्यानं जाताना ही जमीन प्रार्थनाघरासाठी दिली होती. त्याला काय सांगू मी?

ओलीथा : त्याचा एकच हट्ट होता. तुम्ही उपदेशाला उभे राहिलात की समोर डोंगर दिसावा. आता तो कशानंच झाकणार नाही. फक्त एक मागते, पास्टर. इथे पाटी लागेल ती समितीची, तिच्यावर वर्डेल नसणार. रविवारी तुमचा सूर चढला, माणसं उठून उभी राहिली, की त्याचं नाव घ्या. तेवढं घेणं चालेल मला.