चार बोटं काच

चूक सगळी माझ्या काकाची. गाडी बिचारी चांगली होती.

मी कॉलेज सोडल्यापासून काका मला दोनच गोष्टी ऐकवतो. एक, शिकलो असतो तर मी काय काय घेतलं असतं. दुसरी, मंगळवेढ्यात शाळासोबती शिवाच्या रानात खाल्लेला हुरडा. "त्या हुरड्यापुढं लाखाची वस्तू झक मारती," म्हणायचा.

यंदा त्यानं चौदा लाखांची गाडी घेतली आणि मला शेजारी बसवून त्याच हुरड्याला निघाला. रान आलं, पण हा खाली उतरेना. "हितं शेरडं फिरत्यात. ओरखडा पडला म्हंजे?"

शेवटी शिवाकाकाच आगटीत भाजलेलं कणीस तळहातावर चोळत, फुंकर मारत गाडीपाशी आले. "घे की लेका, गरम हाय!"

काकानं काच चार बोटं खाली केली. "हात आत घालू नगं, सीटवर कोंडा पडंल. डब्यात दे, घरी खातो."

"हुरडा? डब्यात?" शिवाकाकांनी त्याच्याकडं नीट बघितलं आणि ओंजळ त्याच्यादेखत स्वतःच्याच तोंडात रिकामी केली. मी मात्र आगटीशी मांडी घालून पोट फुटेस्तोवर खाल्लं.

परतताना काका हळूच म्हणाला, "फुडच्या वर्षी एस्टीनं येऊ."

"फुडच्या वर्षी तितं ऊस हाय. शिवाकाकांनी सांगितलं, ज्वारी यंदा शेवटची."

सोलापुरात काकानं उतरून गाडीभोवती एक चक्कर मारली. गाडीवर एक ओरखडा नाही. काकाचा शेवटचा हुरडा गेला.